पिटोच्या नळीतली गळती

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना सांग, पाठवलेले बूट बसले. चावतात, पण बसले. मी जेवतो, झोपतो, मामा आंघोळीची आठवण करून देतो. झाली खुशाली.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मी भांडतो आणि कागदावर जरा माणसासारखा बोलतो, हे तुझंच म्हणणं. तेव्हा घे कागद. बाबांनी कॉलेजचं विचारलं तर सांग, त्याने काही लिहिलं नाही. खोटं नाही ते.

मामा शेडमध्ये बांधतोय ते विमान आता विमानासारखं दिसायला लागलंय. पंख चढले. परवापर्यंत शेडमध्ये येणारा माणूस विचारायचा, होडी कुणाची? आता कुणी विचारत नाही.

सध्या माझ्याकडे नळ्यांचं काम आहे. तुला कळेल असं सांगतो. पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते, तिला पिटो म्हणतात. समोरून येणारा वारा तिच्यात घुसतो. शिवाय विमानाच्या दोन्ही कुशींवर एकेक बारीक भोक असतं, तिथे वाऱ्याचा धक्का लागत नाही, नुसती आजूबाजूची हवा. दोन्हीकडून नळ्या निघून वैमानिकासमोरच्या घड्याळापर्यंत येतात, आणि या दोन दाबांतल्या फरकावरून सुई वेग दाखवते. वेग फार कमी झाला की पंख विमानाला सांभाळत नाहीत, ते धोंड्यासारखं खाली येतं. म्हणून ही सुई खोटी बोलून चालत नाही.

आता नळी कसली घ्यायची यावरून मामाचं आणि माझं वाजलं. त्याला अ‍ॅल्युमिनियमची हवी, नट आवळून बसवायची. मला प्लॅस्टिकची, जोडात नुसती दाबली की बसते.

"उंदीर खातील तुझं प्लॅस्टिक," मामा म्हणाला.

"आणि तुझी नळी वाकवायला पहिलवान आणायचा का?"

"कॉलेजात हेच शिकलास? उलट बोलायला?"

मी पाना फेकला. भिंतीवर, मामावर नाही. बाबांपर्यंत गोष्ट गेली तर एवढं नीट सांग.

निकाल तिने लावला. "पंखात धातूची घाला, तिथे पुन्हा कुणाचा हात पोचणार नाही. पंखाच्या मुळापासून पुढे प्लॅस्टिकची, पंख कधी काढायचे झाले तर सुटायला हवी. यात भांडण्यासारखं काय होतं?" मामा आणि मी दोघं एकदम टेबलावरचे स्क्रू आवरायला लागलो.

ती म्हणजे कॅप्टन. आम्हीच पाडलेलं नाव. शेजारच्या क्लबात विमान उडवायला शिकवते. पहिलं उड्डाण तीच करणार, मामाचे डोळे आता त्या कामाचे राहिले नाहीत. मोठ्या कंपनीतून तिला बोलावणं आलंय. विमान उडवून झालं की ती जाणार. असो.

नळ्या बसल्या, पण सुई टिकत नाही. रोज संध्याकाळी तपासतो. मी पंखाखाली उताणा पडून पिटोच्या तोंडाला मोठी सिरिंज जोडतो, हळूहळू दाबतो, ती आत बसून सुई बघते. सुई हव्या त्या वेगावर आली की मी दाब धरून ठेवायचा. नळी पक्की असेल तर सुई जागची हलत नाही.

"काय म्हणते?" मी खालून.

"उभी आहे. उभी आहे. पडायला लागली."

मग पुन्हा जोड बघायचे, पुन्हा सिरिंज. मधल्या वेळात ती काहीबाही सांगते. तिची आई विमानाला घाबरते, बसनेच येते-जाते. काल सुईकडे बघता बघता मध्येच हसली. का हसलीस विचारलं तर म्हणाली, तुझे बूट दिसताहेत फक्त, बोलणाऱ्या बुटांशी मी गप्पा मारतेय.

गळती काही सापडत नाही. शोधतोय.

तुझा,
धाकटा


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. दीड पान माझ्या तब्येतीची काळजी आणि शेवटी एक ओळ, 'मूठभर जोड असलेल्या नळीत इतके दिवस गळती सापडत नाही, हे तू कुणाला सांगतोयस?' तू वाईट आहेस. लहानपणापासून.

गळती सापडली होती. मागचं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. प्लॅस्टिकची नळी मी पात्याने सरळ कापायच्या ऐवजी घाईत पक्कडीने तोडली होती, टोक चेपलं होतं. नवीन कापून बसवली. सिरिंजचा दट्ट्या दोरीने बांधून एकट्याने तपासली. सुई भिंतीवरच्या खिळ्यासारखी उभी राहिली. मी पळत मामाला सांगायला निघालो आणि शेडच्या दारात थांबलो. सुई उभी राहिली की मामा तारीख धरणार, ती उडवणार, आणि दुसऱ्या दिवशी तिची बॅग भरलेली असणार.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पंखाखाली पडून अंगठा जरासा ढिला सोडत होतो. बस. सिरिंजचा दट्ट्या केसभर मागे यायचा, वरून ती म्हणायची, पडली. विमानाला मी काही केलं नाही, असं स्वतःला समजावत होतो. फक्त अंगठा.

गेल्या आठवड्यात तपासणी चालू असताना ती विमानात बसूनच मामाला म्हणाली, "आता थांबता येत नाही. मला रुजू व्हायचंय. गळती आहे तशी राहू दे, मी उडवते."

"सुई चुकीची असताना?" मामा म्हणाला.

"किती चुकते ते रोज बघतेच आहे ना. ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. मग उतरताना मी ती नेहमीपेक्षा खाली येऊ देईन. विमान खरं तर तेवढं हळू नसेलच."

ताई, पण गळती नव्हतीच. सुई अगदी खरं दाखवत होती. तिने ती खाली येऊ दिली असती, तर विमानही तेवढंच हळू झालं असतं, जमिनीच्या जवळ, सावरायला जागा नाही अशा ठिकाणी. माझ्या अंगठ्यावर भरवसा ठेवून.

मी तिथल्या तिथे सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मामा ऐकून बाहेर गेला. मला वाटलं ती ओरडेल. मला ओरडाओरडीत राहता येतं, तुला माहीत आहे. ती खाली उतरली, सिरिंज माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "आत बस. सुई बघ."

ती पंखाखाली गेली. सुई चढली आणि उभी राहिली. मी तसं सांगितलं. तिने धरूनच ठेवलं. माझी मान अवघडली तरी सोडेना.

"मी थांबावं असं वाटत होतं, तर तोंड नव्हतं का तुला?" खालून आवाज आला.

"तोंड उघडलं की माझं भांडण होतं."

"मग भांडायचं होतंस. मी भांडले असते. उत्तर 'नाही'च आलं असतं, पण मेले नसते."

सुई अजून उभीच आहे, एवढं मी सांगितलं.

मग ती म्हणाली, तू या विमानात जिथे जिथे हात लावलास ते सगळं मी पुन्हा उघडून बघणार. कंपनीकडून तिने मुदत वाढवून घेतली. म्हणजे बघ, मला हवं होतं ते मिळालं. ती रोज संध्याकाळी आली. मी बसवलेला एकेक नट तिने मोकळा करून पुन्हा आवळला. माझ्याशी बोलायची ते "टॉर्च" आणि "तो नको, बारीक". मी शेजारी उभा राहून टॉर्च धरायचो. इतका वेळ मी तिच्याजवळ कधीच उभा नव्हतो आणि इतकं पळून जावंसं कधी वाटलं नव्हतं.

एकही जोड सैल निघाला नाही. ते तिने मामाला सांगितलं, मला नाही.

आज सकाळी उड्डाण आहे. काल जाताना म्हणाली, "उद्या मैदानावर येऊ नकोस. तू दिसलास की मी सुईकडे बघून विचार करत बसेन, आणि मला विचार करायचा नाहीये." म्हणून मी मामाच्या खोलीत बसून हे लिहितोय. खिडकीतून फक्त शेडची मागची भिंत दिसते.

इंजिन सुरू झालं. बराच वेळ जमिनीवरच चाललंय. आता आवाज वाढला.

गेली. वर गेली, ताई. छपराचे पत्रे थरथरले.

आवाज एकदा घरावरून गेला, एकदा लांबून. बाबांना सांग, कॉलेजचं मी स्वतः येऊन बोलेन. भांडेन, पण समोर येऊन.

आता आवाज कमी होतोय. उतरतेय. या वेळी ती सुईकडेच बघत असेल आणि सुई म्हणेल ते खरं धरत असेल.

टेकली. मामाची आरोळी ऐकू आली.

तो आत्ता येऊन गेला. डोळे पुसत होता. म्हणाला, "सुई अगदी चोख आहे म्हणाली."

"आणखी काही?"

मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही रे. तिला बससाठी निघायचं होतं."

मी खिडकी बंद केली नाही. बसचा हॉर्न इथपर्यंत ऐकू येतो.

तुझा,
सगळं बोलून मोकळा झालेला आणि तरी न सुटलेला,
धाकटा