भुरीचे मागचे पाय

अक्का, भुरीचे मागचे पाय बांधायला तुम्ही वळलेली अंबाडीची दोरी अजून गोठ्यातल्या खुंटीवर आहे. म्हशी कधीच्या गेल्या, गोठ्यात आता माझ्या सुनेनं सरपण भरलंय, पण ती दोरी मी कोणाला हलवू देत नाही. सून म्हणते, सासूबाईंना काही टाकवत नाही. काटकसरीचं नाव पुढं केलं की कोणी जास्त विचारत नाही.

भादव्यातली ती सकाळ आठवते का? मी तेव्हा तुमची नवी सून. भुरी पहाटे व्यालेली. तिची आधीची दोन पारडं आठवड्याच्या आत गेली होती, आणि पुढ्यात पारडू नसलं की ती पान्हा चोरायची. ह्यांनी सांगूनच ठेवलेलं, "औंदाबी पारडू गयं, तं भुरीले चोपडाना बजारमा उभी करसू." घरात दुभतं जनावर ते एकच, आणि तेच विकायला निघणार. पारडू ओलं, थरथरतं, आईच्या कासेकडं मान ताणतंय आणि दाव्यानं मागं खेचलं जातंय. मी भीतभीत म्हटलं, "अक्का, गुरांचे डॉक्टर सांगत होते, चीक लगेच पाजायला हवा." तुम्ही माझ्याकडं न बघताच म्हणालात, "वार पडस नही तवलोंग पारडूले थानले लावानं नही. मॅट्रिक तू व्हयेल शे, म्हैस नही." पोटात राहिलेली वार लवकर पडावी म्हणून भुरीला बांबूचा पाला घालायचा होता. तो आणायला तुम्ही नाल्याकडं निघालात, आणि दारातून पुन्हा बजावलंत, "मुक्ताईना नैवेद्यले पहिला चीक मी ईसन काढसू. हात लावू नको."

मी हात लावला, अक्का. तुम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत उभी राहिले, मग दावं सोडलं. पारडाला सड धरता येईना, मी बोट चोखायला देऊन त्याचं तोंड कासेला लावलं. ते प्यायला लागलं तेव्हा मी मुक्ताईचं नाव घेत होते आणि कान रस्त्याकडं होते. भुरी दगडासारखी उभी. पोटभर पाजून मी त्याचं तोंड पदरानं पुसलं, परत बांधलं, आणि पाहते तर कास सैल पडलेली. आता अक्का आल्या की पहिली नजर तिथंच जाणार. मी तांब्यात चार धारा काढल्या आणि मातीवर ओतून दिल्या. दुधाचा थेंब जाणूनबुजून सांडला तो जन्मात तेवढाच.

तुम्ही पाल्याचा भारा टाकलात. "चीक कोठे गया वं?"

"नैवेद्याचं मीच काढून ठेवावं म्हटलं... लाथ मारली तिनं. तांब्या कलंडला."

"तुले सांगेल व्हतं ना, हात लावू नको?" म्हणत तुम्ही माझ्याकडं वळलात खऱ्या, पण काठी भुरीच्या पाठीवर बसली. दोनदा. वार पडेना. माझ्या पाजण्यानंच अडली असेल तर? भुरीलाच काही झालं तर? दुपार कलल्यावर वार पडली, तेव्हा मी चुलीपुढं बसून रडले. तुम्हाला वाटलं, बोलणं लागलं. पारडू जगलं. पुढच्या एकादशीला तुम्ही नैवेद्य घेऊन एदलाबादला मुक्ताईच्या देवळात गेलात आणि गावभर सांगितलंत, मुक्ताईनं राखलं. राखलं असेलही. मी तर तिचंच नाव घेत होते.

पण भुरी व्यायली त्याच संध्याकाळी तुम्ही दोरी वळायला बसलात. "लाथाड म्हैसना भरोसा नही," म्हणालात. तेव्हापासून सरकी भिजवायच्या थंडीत, कडब्यावर काढलेल्या उन्हाळ्यात, दोन्ही वेळा भुरीचे पाय बांधूनच धार निघाली. घोट्यावरचे केस गेले, कातडं घट्ट झालं. मी तिथं खोबरेल चोळायची. तुम्ही म्हणायच्या, वाया घालवू नको.

तुम्ही गेलात त्या वर्षी, दिवसकार्य उरकल्यावर, एकदा मी दोरी न घेता धारेला बसले. भुरीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि मागचे दोन्ही पाय आपणहून जवळ आणून उभी राहिली.

हा कागद पाठवायचा तरी कुठं. दुधाच्या जुन्या वहीत ठेवून देते. एवढंच सांगायचं राहिलं की त्या दिवशीही मी उठले आणि खुंटीवरची दोरी घेऊन तिचे पाय बांधले. ह्यांनी विचारलं असतं, आज पाय का नाही बांधले.