दादासाठीच्या तपासण्या

२८ सप्टेंबर, रविवार

धावले. नको होतं धावायला.

उद्या सकाळी अंधेरीच्या हॉस्पिटलात माझ्या तपासण्या आहेत. माझी एक किडनी दादाला चालेल का, त्याच्या. तिथे ट्रान्सप्लांटचं सगळं बघणारी श्वेता म्हणून मुलगी आहे. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, दोन-तीन दिवस जड व्यायाम नको हां." मी हो म्हटलं. मग मनातल्या मनात ठरवून टाकलं की जड व्यायाम म्हणजे जिम, वजनं वगैरे. रविवारचा लाँग रन व्यायामात कुठे मोडतो? आमच्या ग्रुपमध्ये तो कुणी चुकवत नाही. घरात लग्न असलं तरी माणसं हळद लागलेल्या हातांनी नॅशनल पार्कच्या गेटवर हजर असतात.

कान्हेरीपर्यंत चढ, मग खाली, मग पुन्हा अर्ध्यापर्यंत. उकाडा भयंकर. थांबलं की लय जाते म्हणून पाण्याला थांबले नाही. निघण्याआधी गुडघ्यासाठी पेनकिलर घेतली, रिकाम्या पोटी. ग्रुपमधले निम्मे लोक घेतात.

घरी येऊन बाथरूममध्ये गेले तर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. बघत उभी राहिले. फ्लश करून टाकलं.

नवऱ्याला, सुयोगला, सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

रक्त दिलं, लघवी दिली. नर्सने बाटली उजेडात धरून माझ्याकडे पाहिलं.

नंतर वरच्या मजल्यावर दादाकडे गेले. त्याचं डायलिसिस तिथेच असतं, आठवड्यातून तीनदा. घाटकोपरहून मेट्रोने येतो, जाताना वहिनी रिक्षाने नेते. हात मशीनला जोडलेला, तोंडात बर्फाचा खडा. त्याला दिवसाला एक छोटी बाटली पाणी, चहा-आमटी धरून. लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे जे प्यायलं ते अंगातच राहतं. खडा चघळला तर कमी पाण्यात जास्त वेळ तोंड ओलं राहतं, म्हणाला.

"काय मॅडम, काल किती?"

"एकवीस किलोमीटर."

"वेडी आहेस तू," म्हणाला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे वळला. "ही माझी बहीण. हिची किडनी बसली की मीपण पळणार बघा. नंबर लावून ठेवा."

तो माणूस हसला. माझ्या बॅगेत पाण्याची मोठी बाटली होती. खाली येईपर्यंत बाहेर काढली नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्ट वाईट आला. क्रिएटिनिन १.६. लघवीत प्रोटीन, रक्तपेशीसुद्धा. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, "रविवारी काय केलंत?"

सांगितलं. ते हसले नाहीत. समजावलं मात्र नीट. इतका वेळ धावलं की रक्त पायांच्या स्नायूंकडे जातं, किडनीकडे कमी. वर घाम. वर पाणी नाही. स्नायूंची झीज होते तीसुद्धा किडनीलाच गाळायची असते. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं. तुमचंही होईल असं वाटतं, पण वाटण्यावर मी कुणाची किडनी काढत नाही. दोन आठवडे धावणं बंद, मग पुन्हा तपासू.

"काही गोळ्या घेतल्या होत्या?"

"नाही," म्हटलं मी.

हे सगळं लिहिणं सोपं आहे. न लिहिण्यासारखं पुढे आहे. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, लाल अक्षरं दिसली, आणि मला बरं वाटलं. छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं. क्षणभरच. पण वाटलं.

मग मी रविवारी का धावले?

१ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांना फोन करून पेनकिलरचं सांगितलं. म्हणाले, "हे काल सांगायला हवं होतं. तहानलेल्या किडनीवर ती गोळी म्हणजे आणखी एक फटका. पुन्हा घेऊ नका."

२ ऑक्टोबर, दसरा

घाटकोपरला दादाकडे सगळे. आईने दारातच धरलं.

"धावान धावान किडनीची वाट लावलंस मा? तुका कोणी सांगितल्यान धावाक? पोलीस मागे लागलेले?"

"आई, तात्पुरतं असतं ते."

"तुझा तात्पुरता. माझो झील थंय सुकान चाललो."

दादा आतून ओरडला, "आई, तिला आधी सोनं तरी दे, मग शिव्या दे."

जयावहिनी पुऱ्या तळत होती. ती या सगळ्यात कधीच बोलत नाही. तिचा रक्तगट जुळत नाही, आईला मधुमेह. उरले मी. मृत दात्याच्या यादीत दादाचं नाव आहे, पण ती यादी वर्षानुवर्षं हलत नाही. वहिनीने माझ्या ताटात श्रीखंड वाढलं, मग थांबून पुन्हा वाढलं. आईचं बोलणं परवडलं.

५ ऑक्टोबर, रविवार

पाचला जाग आली. पडून राहिले. ग्रुपचा मिथुन सात वाजता फोन करतो, "काय गं, मेलीस की काय? तुझ्या जागी सगळे माझं डोकं खातायत."

"डॉक्टरने बंद केलंय."

"डॉक्टर काय, ते चालणंपण बंद करतील. बरं, पाणी पी भरपूर. फ्लश होऊन जाईल सगळं."

चाळिशीत धावायला लागले. त्याआधी माझं असं काहीच नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी, लेकीची, श्रुतिकाची शाळा, सासऱ्यांचं आजारपण. पहाटेचे दोन तास तेवढे माझे. ते जातील म्हणून मी घाबरते आहे का? की ऑपरेशनला घाबरते? की दोन्ही नाही, आणि मला फक्त माझं शरीर पुरं हवं आहे? तिसरं खरं असलं तर मी कोण?

९ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस घटाघटा पाणी प्यायले. मिथुनचं ऐकून नव्हे. रविवारचं पाप धुवायला, दुसरं काय. काल संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, मळमळ. आज लायब्ररीत शेल्फ धरून बसले. सौरभ म्हणून आमचा असिस्टंट आहे, त्याने रिक्षात घातलं. घराजवळच्या डॉक्टरनी रक्त काढलं तर सोडियम खाली गेलेलं, अति पाण्याने.

अंधेरीच्या डॉक्टरांना कळवलं. ते वैतागले. "मॅडम, आधी अजिबात नाही, आता हंडाभर. धावणारे याच दोन टोकांना मरतात. तहान लागली की प्या. किडनीला तुमचा पश्चात्ताप गाळता येत नाही."

पश्चात्ताप हा शब्द मी त्यांच्यासमोर उच्चारलेला नाही. दिसतो वाटतं चेहऱ्यावर. की फोनवर आवाजात?

१३ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा रक्त, पुन्हा लघवी. या वेळी नीट वागले. पंधरा दिवस धावले नाही, गोळी नाही, पाणी गुरुवारपासून तहानेपुरतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं स्वच्छ. क्रिएटिनिन, प्रोटीन, सोडियम, सगळं. "उत्तम किडन्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "धावण्याने काही नुकसान झालेलं नाही. एक दिलीत तरी काही महिन्यांनी पुन्हा धावाल. पाण्याची आणि गोळ्यांची शिस्त पाळायची, आणि जन्मभर वर्षाला एक तपासणी. माझे दोन डोनर धावतात."

म्हणजे तेही कारण गेलं.

सुयोग बाहेर बसला होता. त्याला कागद दाखवला. त्याने वाचला, घडी घालून परत दिला. "आता?" म्हणाला. मी म्हटलं, "आता काय, ठरलं." त्याने मान हलवली. घरी येईपर्यंत आम्ही श्रुतिकाच्या क्लासबद्दल बोलत होतो.

दादाकडे कुणाला अजून सांगितलं नाही. दोन-तीन तपासण्या बाकी आहेत असं म्हटलं. त्या आहेतही. पण किरकोळ.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

श्वेताने एकटीला बोलावलं. सुयोगला बाहेर थांबवलं. छोटी खोली, टेबलावर कोरडं पडलेलं मनीप्लांट. तिशीचीही नसेल ती. रोज हेच विचारत असणार, पण पाठ केल्यासारखं वाटत नव्हतं.

"घरातून कुणी दबाव टाकतंय?"

"नाही."

"तुम्हाला द्यायची आहे?"

"भाऊ आहे माझा."

"ते मला माहीत आहे, मॅडम. मी दुसरं विचारलं."

मी पर्सची चेन उघडत-लावत बसले. मग ती म्हणाली की इथे बोललेलं खोलीबाहेर जात नाही. अगदी शेवटच्या दिवशीही नाही म्हणता येतं. तसं झालं तर हॉस्पिटल घरच्यांना एवढंच सांगतं, हे डोनर योग्य नाहीत. कारण सांगत नाही. विचारलं तरी नाही.

"म्हणजे खोटं?"

"खोटं कुठे? ज्याला द्यायची नाही तो योग्य नसतोच ना."

मी म्हटलं, तशी काही गरज नाही. ती म्हणाली, विचार करा.

नाही म्हणण्याचं हे दार मला दिसायला नको होतं. आता डोळे मिटले तरी तेच दिसतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वहिनीचा फोन. डायलिसिस चालू असताना दादाचं प्रेशर एकदम पडलं. पायात गोळे आले, ओरडला म्हणे. दादा ओरडत नाही. अपेंडिक्सच्या वेळीही नर्सला विनोद सांगत होता.

वहिनी म्हणाली, "हृदयावर ताण येतोय म्हणतात. असं फार दिवस नको म्हणाले." मग, "तुमचे उरलेले रिपोर्ट कधी येतायत हो ताई?"

पहिल्यांदाच विचारलं तिने.

"येतील," म्हटलं.

सुयोगला म्हटलं, तू काय करशील माझ्या जागी? तो म्हणाला, "मी हो म्हणणार नाही आणि नाहीपण म्हणणार नाही. मी काहीही म्हटलं तरी तू जन्मभर माझ्यावर ढकलशील." राग आला. बरोबर बोलला म्हणून आला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादा आला. जिने दोनदा थांबून चढला. पाय सुजलेले, चप्पल रुतत होती. ओवाळलं. त्याने पाकीट ताटात टाकलं तर आई म्हणते, "ह्या भाऊबीजेक ओवाळणी तुझ्याकडसून गो." सगळे हसले. मीही हसले.

जेवला जेमतेम. नंतर गॅलरीत आम्ही दोघंच. म्हणाला, "ऑपरेशन झालं की पहिलं काय करणार माहितेय? मनोरीला जाणार. फेरीबोट पकडायची, पलीकडे उतरायचं आणि एक अख्खं शहाळं प्यायचं. गपागप." शहाळं त्याला विषासारखं आहे, त्यातल्या पोटॅशियममुळे. आम्ही धावणारे तेच पार्कच्या गेटवर रांग लावून पितो.

"तू चल," म्हणाला. "तुला पण पाजतो. तुझीच किडनी आहे, तुझा अर्धा हक्क."

सांगण्याची वेळ हीच होती. दादा, मला भीती वाटते. दादा, रिपोर्ट चांगला आहे आणि मला भीती वाटते. त्याने ऐकून घेतलं असतं. 'राहू दे गं' म्हणाला असता, मला खात्री आहे. म्हणूनच बोलले नाही. त्याच्या तोंडून सुटका करून घेणं माझ्याच्याने झालं नाही. त्यापेक्षा हॉस्पिटलच्या तोंडून बरी?

भेकडपणातही मी वरची पायरी शोधते आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दिवसभर 'हो' होतं. भाजी चिरतानाही हो. श्रुतिकाची वेणी घालताना ती म्हणाली, "आई, तुझी किडनी मामाच्या पोटात असली की मामा थोडा माझी आई होणार का?" तेव्हाही हो.

झोपायला गेले आणि कुशीवर वळल्यावर हात आपोआप कमरेवर गेला. झाकून धरल्यासारखा. कुणी ओढून नेणार आहे जसं काही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

श्वेताला 'नाही' सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, मॅडम." पाणी विचारलं. एवढंच. मला वाटलं होतं, निदान कुणीतरी का म्हणून विचारेल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हॉस्पिटलने दादाला आणि वहिनीला बोलावून सांगितलं. बहीण डोनर म्हणून योग्य नाही. कारण सांगितलं नाही.

कारण आईने शोधलं. पहिला रिपोर्ट सगळ्यांना ठाऊक होताच. दुसरा कुणी पाहिलेला नाही, सुयोग सोडून. संध्याकाळी आईचा फोन. मला वाटलं, शिव्या. तर रडत होती. "गो बाय, तुझ्यापण खराब झाल्यो? दोघांच्यापण?" सुयोग समोर जेवत होता. फोन स्पीकरवर होता. त्याने ताटातून मान वर केली नाही.

मी 'नाही' म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम होतं.

"औषधं घेते आहे, आई," म्हटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दादाचा फोन. डायलिसिसच्या खाटेवरूनच केलेला, मागे मशीन ऐकू येत होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं गं. माझ्यामुळे तुझं वेळेत तरी कळलं."