कांदा वाजला, असं बाबा म्हणतात

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. काकूंचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं ठरलं का, की अजून एकाच डोळ्याने पेपर वाचून दोन डोळ्यांइतका संताप करता? इकडे सगळे बरे आहेत. ('सगळे' लिहून जरा थांबलो. पण बरे आहेत.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारच्या खोलीत असतात, आणि भिंतीपलीकडची कुजबुजही त्यांना ऐकू येते असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो आहोत.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांचं तळलेलं खाणं बंद केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी मीठ कमी केलं, साय सोडली, तक्रार केली नाही. पण कोपऱ्यावरच्या हॉटेलातलं ते कांद्याचं फूल (अख्ख्या कांद्याला पाकळ्या पाडतात, पिठात घोळवतात आणि कढईभर तेलात सोडतात) काही सुटेना. फिरायला म्हणून जायचे आणि मिशीला चुरा लावून परत यायचे. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो, त्यामुळे चुरा बघून गप्प बसणं मला जमत नाही. विचारलं. त्यांनी नाकारलंही नाही. म्हणाले, "तेलाशिवाय तसाच कुरकुरीत घरी करून दाखव. वाजला, तर त्या हॉटेलची पायरी चढणार नाही." आता बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म काढलेल्या माणसाकडून आवाजावर पास व्हायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू. कानाशी एक बिस्किट मोडून ते अख्खा माल परत पाठवायचे, मग समोर मालक का उभा असेना.

एअर फ्रायर आणला. पहिल्या कांद्याचा बुडखा मी स्वच्छतेच्या नादात साफ कापून टाकला आणि मग पाकळ्या पाडल्या. पाकळ्या धरून ठेवायला बुडखाच उरला नाही म्हटल्यावर फुलाने ओट्यावरच राजीनामा दिला. दुसऱ्याचं पीठ पातळ झालं. ते जाळीतून खाली गळून धुरकटलं, आणि वर भुरभुरलेला ब्रेडचा चुरा आतल्या वाऱ्याने चौफेर उडाला. ("वाऱ्यावर चालणारं यंत्र वारा सोडणारच," बायको म्हणाली. तिला अशा वेळी सगळं आधीपासून माहीत असतं.) तिसऱ्या कांद्याच्या वेळी मात्र मी काहीही चुकवलं नाही. थंड पाण्यात ठेवून उमलवला, पाकळी न् पाकळी पुसली, कोरडं पीठ, अंडं, पुन्हा पीठ, वरून तेलाचा नुसता फवारा. फक्त झाला का, जळला का, आतून कच्चा तर नाही ना, या शंकेपायी मी सारखा ड्रॉवर ओढत होतो. ओढला की यंत्र थांबतं आणि आतली सगळी धग माझ्या चष्म्यावर येते. "अहो, तो कांदा आहे, दावा नाही. एकदा तरी कुणावर विश्वास ठेवा," असं म्हणत बायकोने मला गॅलरीत काढलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं, आणि बाबा टेबलाशी येऊन बसले होते.

बाबांनी एक पाकळी तोडली. बायकोने पंखा बंद केला. फ्रिजची घरघरसुद्धा थांबावी असं मला वाटलं, कारण इथे नापास झालो तर बाबा उद्या पुन्हा त्या हॉटेलात आणि कधी ना कधी मी पुन्हा इस्पितळातल्या त्या बाकावर, हे दोन्ही मला एकदमच दिसत होतं. त्यांनी पाकळी कानाजवळ नेली आणि मोडली. म्हणजे मोडायला गेले. ती वाकली आणि तशीच राहिली. काका, मी हातभर अंतरावर उभा होतो. काहीही वाजलं नाही. बायको खिडकीबाहेर पाहायला लागली. बाबांनी पाकळी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "वाजला. पास."

मला हुश्श व्हायला हवं होतं. त्या दिवसापासून ते खरोखरच हॉटेलात गेलेले नाहीत. दर रविवारी मी करतो ते मऊ फूल मुकाट्याने खातात, "छान" म्हणतात आणि पाणी पितात. पण मालकाची भीड न ठेवणारा माणूस मला पास करतो कसा? एक तर त्यांचे कान गेले, नाही तर ते माझ्यासाठी खोटं बोलले. ऑफिसात एवढ्याशा पुराव्यावर मी माणसाचा दावा फेटाळून त्याला घरी पाठवतो, पण इथे निकाल देता येत नाही. आणि त्यांचं एकुलतं एक सुख काढून घेताना मी त्यांना त्याच्या बदल्यात काय दिलं, याचा विचार केला की कांदा चिरायला घ्यायच्या आधीच डोळ्यांत पाणी येतं.

काकूंना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
थोरला पुतण्या

ता. क. : डॉक्टरांना विचारलं. (दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली.) महिन्यातून एकदा अर्धं फूल चालेल म्हणाले. तर ते तुम्ही त्या हॉटेलातून तुमच्या घरी आणावं आणि बाबांना बोलवावं, ही विनंती. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी आहे. बाबा दिलेला शब्द मोडून हॉटेलची पायरी चढणार नाहीत, पण तुमच्या घरची चढतील. पार्सलचा डबा बंद करू नका, वाफेने मऊ पडतं. काकूंनी केलं म्हणून सांगा, आणि मोठा अर्धा भाग तुम्ही खा. माझ्या बायकोला यातलं काही कळू देऊ नका.

आणखी एक : तिने हे वाचलं. मोठा अर्धा असं काही नसतं म्हणते, आणि तुमच्या कोलेस्टेरॉलकडे कोण बघणार, असंही विचारते आहे.

शेवटचं : पाकळी मोडताना बाबांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. आवाजाने चेहरा खुलला नाही, तर मला लगेच कळवा, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतो. खुलला, तर काहीच कळवू नका. रविवारी मला पुन्हा त्यांच्यासमोर बशी ठेवायची आहे.