एफ-टू आणि दक्षिणेचं दार

सुरत, रविवार

प्रिय अक्का,

म्हणजे शेवटी तू कॉम्प्युटरवरची माझी मांडणी काढायला लावलीसच. आणि वर मलाच म्हणतेस, तुझ्या डोक्यातलं जाळं माझ्या कॉम्प्युटरवर कशाला? दिवाळीत चार दिवस आलो होतो, त्यातले दोन तुमच्या क्लासच्या त्या कोंदट खोलीत घातले. तिकडं आई करंज्या झाकून वाट बघत बसली आणि मी तुझ्या फायली लावत बसलो. फिजिक्स तांबडं, केमिस्ट्री पिवळं, बायोलॉजी हिरवं. स्क्रीनवर फायली दिसतात त्या खिडकीचे दोन भाग केले. डावीकडं तू टाइप करतेस ते चालू पेपर, उजवीकडं होऊन गेलेले. पेपर झाला की एफ-टू दाबायचं, फाइल डावीकडून उजवीकडं जाऊन बसते. तू तेव्हा हसली होतीस, म्हणाली होतीस, आठवी नापास आहेस हे सुरतेत कुणाला सांगू नकोस. मग महिनाभरात असं काय झालं, की तुला कॉम्प्युटरबरोबर येते ती कंपनीची कोरी पांढरी खिडकीच गोड लागली?

खरं सांग अक्का. तुला गोड लागली, का शिवलिंगला?

फोनवर विचारलं तर तू म्हणतेस, पेपर चालू हाय, नंतर बोलू, आणि ठेवतेस. म्हणून हा कागद. मला तो माणूस पहिल्यापासून पटला न्हाई. उदगीरचा हाय, क्लासचे कॉम्प्युटर सांभाळतो, इतकंच तू सांगितलंस. खुर्चीवर बसायच्या आधी रुमाल अंथरतो, हे मी बघितलं. दिवाळीत मी काम करत होतो तर तीनदा मागं येऊन उभा राहिला. माणिकप्पा, हे कसं केलंस, ह्याला काय दाबायचं, मला पण शिकव की. एवढी गोडी कशाला? मी काय त्याच्या सोयरिकीतला हाय? मी म्हटलं, हे अक्काच्या हाताचं हाय, दुसऱ्याला जमायचं न्हाई. आणि तेच पाहिजे होतं मला. माझी मांडणी कुणाला कळत न्हाई, म्हणून तुझ्या मशिनवर दुसरं कुणी बसत न्हाई. कुलूप न लावता कुलूप. आता शिवलिंगनं सगळं पुसलं. आता कोणीही यावं, बसावं, सरांच्या टेस्टचा पेपर उचलावा.

तुला वाटतं मी उगाच संशय घेतोय. पण लातुरात आता गल्लीगल्लीत क्लास हाय, आणि एकाचा पेपर दुसऱ्याला आधी पाहिजे. उद्या पेपर फुटला तर सर कुणाला धरतील? ज्याचा रुमाल घडीचा, त्याला? टाइप करणारीलाच धरतील. भूकंपाच्या गावची पोर, मावशीकडं राहून शिकली, सरांनी दया करून ठेवली, असं बोलायला लोक तयारच असतात. तुझी नोकरी जाईल ती जाईल, नाव जाईल ते परत येणार न्हाई.

आणि फिजिक्सचा पेपर हरवला तो? तूच सांगितलंस. सकाळी टेस्ट, पोरं येऊन बसलेली, तू म्हणालीस, मी नुसतं फाइलचं नाव बदलायला गेले रे, अन् फाइलच गेली. सर सगळ्यांसमोर तुला बोलले. आणि मग ती सापडवली कुणी? शिवलिंगनं. लगेच. आता मला सांग, ज्यानं लपवलं न्हाई त्याला इतक्या लगेच कसं सापडतं? आणि त्याच आठवड्यात त्यानं माझी मांडणी काढून टाकली. चोर पावलं पुसतो तसं. शिवाय तुमच्या क्लासची नांदेडला शाखा निघाल्यापासून आठवड्याचे दोन दिवस तुला तिकडं पाठवतात, आणि तिथले कॉम्प्युटर पण त्यानंच बसवलेत. तिथं त्यानं माझ्यासारखं काही ठेवलंय का? न्हाई. सगळं साधं. त्याला साधंच पाहिजे असतं.

म्हणून मी ठरवलंय. हा कागद तुला पोचला की पुढच्या सोमवारी सरांना फोन करणार आणि शिवलिंगचं नाव घेणार. त्याची नोकरी गेली तर गेली. त्याच्याआधी तुला सांगावं, म्हणून लिहितोय.

इथं आमच्या खोलीत साड्यांची डिझाइनं बनतात. बुट्टी वेगळी, काठ वेगळा, पदर वेगळा, एकेका साडीच्या ढीगभर फायली. कंपनीच्या खिडकीत काम केलं तर शेठ पदर मागणार आणि आम्ही काठच शोधत बसणार. मला कळत न्हाई, ही खिडकी बनवणारे लोक असं का धरून चालतात की सगळ्यांचे हात सारखे. नवशिक्याला साधी द्या, माझं काही म्हणणं न्हाई. पण ज्याचा दिवस त्यातच जातो त्याला रंग बदलू द्या, रकाने हलवू द्या, बटणं त्याच्या मनानं लावू द्या. त्यांनी न्हाई दिलं म्हणून मी दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्राम आणून माझ्या मनासारखा वाकवला. भूकंपानंतरची आपली नवी वसाहत आठवते? एकाच नकाशाची घरं, ओळीनं, सगळ्यांची दारं एकाच अंगाला. कस्तुराबाई पाण्याची घागर घेऊन दोनदा स्वतःचं समजून आपल्या घरात शिरली होती, आणि आईनं तिला चहा पाजूनच पाठवलं. मग हळूहळू लोकांनी घरं आपली केली. कुणी ओटा घातला, कुणी गोठा काढला. अण्णांनी तर दारच फिरवलं. दक्षिणेचं दार नको म्हणून विटांनी बुजवलं आणि उगवतीच्या भिंतीत नवं फोडलं. मी अण्णांवरच गेलोय, असं तू म्हणतेस ते ह्याच्यासाठीच ना?

दार फिरवलं त्या उन्हाळ्यात तू लातूरहून सुट्टीला आली होतीस. दुपारी जेवून सगळे कलंडलो होतो. जमीन गुरगुरली. काही झालं न्हाई, भांडी वाजली तेवढीच. पण आपल्याकडं गुरगुरलं की आधी पाय पळतात, डोळे नंतर उघडतात. आम्ही उगवतीकडून बाहेर. तू दक्षिणेकडं पळालीस. तुला दार फिरवलेलं ठाऊक होतं, येतानाच बघितलं होतंस, अण्णांना छान केलं म्हणाली पण होतीस. पायांना ठाऊक नव्हतं. भिंतीवर आपटलीस. भुवईवरची ती खूण तू अजून केसांनी झाकतेस.

अक्का, एवढं लिहिलं आणि खाली जाऊन चहा पिऊन आलो.

कंपनीच्या साध्या खिडकीत नाव बदलायचं बटण कुठलं? एफ-टू. नांदेडला दोन दिवस तू तेच दाबतेस. लातूरला येऊन नाव बदलायला तेच दाबलंस, आणि माझ्या एफ-टूनं पेपर उचलून उजवीकडं टाकला, होऊन गेलेल्यांत. तू डावीकडं शोधत राहिलीस. शिवलिंगनं उजवीकडं बघितलं असेल, एवढंच. आणि तू मला हे सांगितलं न्हाईस. सरांचं बोलणं ऐकून घेतलंस, मांडणी काढायला लावलीस, आणि मला म्हणालीस, जाळं. अण्णांना पण तू कपाळाचं असंच सांगितलं होतंस, चक्कर आली म्हणून.

सरांना फोन करत न्हाई. शिवलिंगला काही सांगू नकोस. तीनदा मागं येऊन का उभा राहिला हे अजून मला कळलेलं न्हाई, ते तू मला सांगायचंस, आणि सरळ सांगायचंस. सोबत नव्या मांडणीची सीडी पाठवतोय. ह्यात एफ-टूला हात लावलेला न्हाई, नावच बदलतं. फाइल उजवीकडं टाकायचं काम एफ-बाराला दिलंय, ते तिकडं कुणी वापरत न्हाई. आणि एफ-अकरा दाबलं की माझं सगळं जाऊन कंपनीची साधी खिडकी पुढं येते, परत दाबलं की माझी. बसवायची का न्हाई ते तू ठरव. त्याच्याकडून बसवलीस तरी चालेल, पण तू शेजारी बस. आणि गावाकडं जाशील तेव्हा अण्णांना सांग, दक्षिणेच्या विटा काढा. उगवतीचं दार राहू दे, त्यांच्या मनासारखं. पण जुनं पण उघडं पाहिजे, पाय कुठं पळतील ते सांगता येत न्हाई. ते गवंड्याच्या खर्चाचं कारण काढतील, म्हणून मनीऑर्डर तुझ्या नावानं केलीय. चौकट धरून सव्वीसशे रुपये.

तुझाच,
माणिक