‘ओ’चा ‘हो’

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रूफं वाचायला भुताची कादंबरी आली आहे. तीनशे बारा पानं, पंधरा तारखेच्या आत. संपादक म्हणाले, "तुम्हाला भीती वाटत नाही ना?" म्हटलं, मला फक्त ऱ्हस्व-दीर्घाची वाटते.

चाळीस पानं झाली. दारं करकरतात, दिवे जातात, नायिकेच्या अंगावर अकरा वेळा काटा येतो. मला विचारलं असतं तर आठ काढले असते. पण आपलं काम चुका दुरुस्त करायचं, काटे उपटायचं नाही.

आई आज चारदा "ताई, ए ताई" करत होती. माझ्या मोठ्या बहिणीला घरात सगळेच ताई म्हणायचे, आईसुद्धा. चारही वेळा मी तिच्या खोलीत जाऊन सांगितलं — आई, मी छोटी. ताई गेली, नऊ वर्षं झाली. चारही वेळा आई रडली. तिच्या लेखी बातमी आत्ताच आली होती. अर्ध्या तासात विसरली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आईला सांभाळायला दुपारी बाई येते. ती आज चिडली. "दिवसातून चारदा त्यांची लेक मारता तुम्ही. ओ द्यावी की, काय बिघडतंय?"

मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही.

"खोटं नका बोलू. नुसती ओ द्या."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलंय. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. तिला काय कळणार?

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पान एकशे बारा. इथे लेखक एकदम शुद्धीवर आला आहे.

माळ्यावरून मेलेल्या भावाच्या नावाने हाक येते. घरातलं कोणी ओ देत नाही. शेवटी बहिणीला त्या हाकेचीच दया येते, आणि ती ओ देते. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला भावाच्या नावाने हाक मारतात. टेबलापाशी तिची खुर्ची नाही. तिचे कपडे कुणीतरी देऊन टाकलेत. ती आईला विचारते, मला ओळखलं नाहीस? आई म्हणते, "बहिणीचा विषय काढू नकोस रे. मला त्रास होतो."

पेन्सिल खाली ठेवली. भर दुपारी, खोलीत ऊन आलेलं — आणि मी घाबरले! या लेखकाला भूत जमत नाही, आई मात्र जमली आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज सहा हाका. मी गेलेच नाही. दार लावून घेतलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिली दीडशे पानं पाठवली.

आईने मला "छोटे" अशी हाक शेवटची कधी मारली, ते आठवत बसले. मागच्या उन्हाळ्यात, चष्मा सापडत नव्हता तेव्हा. चोपन्नाव्या वर्षी मी जगात एका माणसाची छोटी होते. ताईच्या नावाला ओ दिली, तर ती उरलीसुरली छोटी मी माझ्याच हाताने खोडेन. म्हणून आईला दुरुस्त करते. खऱ्याची चाड वगैरे काही नाही. जळते मी ताईवर. मेलेल्या बहिणीवर! लिहायलाही लाज वाटते.

सोमवार, ११ नोव्हेंबर

अक्षरजुळणीवाल्याचा फोन. "मॅडम, एकशे बारावर ती बहीण वरच्या हाकेला 'ओ' म्हणते. तुम्ही खोडून 'हो' केलंय."

विश्वास बसेना. त्याने फोटो पाठवला. माझंच अक्षर, ठळक.

"'हो' म्हणजे ती कबूल झाली ना," तो म्हणाला. "ती बिचारी नुसती ओ देतेय."

तीस वर्षांत माझी चूक पहिल्यांदा दुसऱ्याने काढली. म्हटलं, 'ओ'च राहू दे.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आई सकाळपासून उपाशी. "ताई आली की जेवीन." बाई ताट घेऊन बसून बसून कंटाळली. चार वाजता आईचा आवाज आला, अगदी बारीक — "ताई."

मी स्वयंपाकघरातून ओ दिली.

ताटातलं सगळं जेवली. मग माझा हात धरून म्हणाली, "दमलीस गं." तिचा एवढा निवांत चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बरं वाटलं. आणि ते 'दमलीस' ताईला होतं, हे ताट घासताना लक्षात आलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रूफं दिली, एक दिवस आधी. शेवट टुकार आहे. माळा जाळतात आणि सगळे सगळ्यांना पुन्हा ओळखतात. असं होत नाही. पण समासात ते लिहिता येत नाही.

परवापासून आई एकदाही रडलेली नाही. बाई माझ्याशी गोड बोलते आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

आई सकाळी म्हणाली, "ताई, आपली छोटी गेली ना गं? मला कुणी सांगतच नाही."

"हो," मी म्हटलं.

खूप रडली माझ्यासाठी. मी तिचे डोळे पुसत बसले.