सही व्हायच्या आत

रविवार, १४ तारीख, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण पंचाचं काम बहुतेक खुर्चीतच चालतं. कुंडीतल्या रोपाला तीन मिरच्या लागल्या आहेत. अकरा वर्षांनी पत्र लिहितेय आणि मिरच्या मोजून दाखवतेय, हसशील मला.

काल आमच्या पत्त्यांच्या स्पर्धेत तुझी लेक खेळली. घरी येऊन तिने धड काही सांगितलं नसणार. तीही तुझ्यासारखीच, तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो.

तिच्यासमोर एक शिंपीकाका होते. दरवर्षी येतात आणि दरवर्षी याच फेरीत गारद होतात. वेळ संपली तेव्हा डाव बरोबरीत होता, आणि बरोबरी लिहिली तर दोघंही घरी. काकांनी गड्डी पुढे सरकवली. "एकेक पान उचलू. ज्याचं मोठं, तो जिंकला. काय?"

निकाल नशिबावर सोडला की दोघंही बाद, हा नियम तुला मी काय सांगायचा!

या वेळी मी उठलेच. पण तिचा हात माझ्याआधी वर गेला. 'आत्या' नाही, चक्क "पंच!" म्हणाली. "असं चालतं का?"

"नाही. बरोबरी लिहा, नाहीतर एकाने डाव सोडा. सोडायचा तर निकालाच्या चिठ्ठीवर सही व्हायच्या आत, आणि बदल्यात काहीही न मागता."

तिने थोडा वेळ नखं कुरतडली. मग म्हणाली, "काका, तुम्ही जा पुढे. मी काय, पुढच्या वर्षी आहेच." काकांनी आनंदात सही भलत्याच रकान्यात केली, मग दुसऱ्यांदा करावी लागली. मला फार फार बरं वाटलं रे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अकरा वर्षांपूर्वी याच स्पर्धेत तू आणि तुझा मित्र पानं उचलणार, हे मी आधीच ऐकलं होतं. दोन पावलांवर उभी होते. नुसतं 'थांब' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पंचाला तेवढी मुभा असते. मी गप्प राहिले आणि पानं उचलल्यावर तुम्हा दोघांना बाद केलं. सख्ख्या भावालाही सोडत नाही, असं मला मिरवायचं होतं. मिरवलंही, आईलासुद्धा तोंड वर करून सांगितलं, नियम म्हणजे नियम. चूक तुझी होती, पण ती मी होऊ दिली. याची मला लाज वाटते.

तेव्हा आपला हा अकरा वर्षांचा डाव मी सोडते. तू जिंकलास. बदल्यात काही मागायचं नसतं, म्हणून उत्तर पाठव असंही म्हणत नाही.

लेकीला शाबासकी दे. आता सही करते.

तुझी हरलेली, सुखात असलेली,
ताई