विचारणाऱ्याचा आवाज कापू नये

मी, श्रीमती गुणमाला बाबगोंडा बिरनाळे, वय एकाहत्तर, निवृत्त ग्रंथपाल, राहणार विश्रामबाग, सांगली, माझ्यामागे माझ्या मिळकतीची आणि माझ्या ताब्यातील ध्वनिफितींची व्यवस्था कशी लावावी, ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही आणि धाकही दाखवलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. क्रांती सावंत यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी केले. मन ठिकाणावर आहे का, हे त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावे. यापूर्वी मी काहीच केलेलं नाही, मग रद्द काय करायचं, असं मी वकिलांना म्हटलं. ते म्हणाले, असू द्या बाई, वाक्य लागतं. म्हणून आहे.

कलम १. माझे पती बाबगोंडा हे २००९ साली वारले. मला दोन अपत्ये. थोरला चि. सम्मेद, नोकरीनिमित्त हैदराबाद येथे राहतो. धाकटी ब्राह्मी. तिच्या नावाआधी वकिलांनी कच्च्या मसुद्यात ‘कै.’ घातलं होतं. मी ‘स्व.’ करा म्हटलं, मग दोन्ही खोडायला लावलं. ती मे २०२१ मध्ये साथीत गेली. तिचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी तिला विचारलं नाही, तुम्हीही विचारू नये.

कलम २. माझा राहता फ्लॅट सम्मेदला द्यावा. त्याला विकायचा असेल तर खुशाल विकावा. घराला जीव लावून बसायची आमच्याकडे पद्धत नाही. फक्त गच्चीवर शेजारच्या राजेश्वरी वहिनी मिरच्या वाळवतात, त्यांना घेणाऱ्याने अडवू नये. माझं लोखंडी कपाट त्यांना द्यावं. दार नीट लागत नाही, वरच्या बाजूला गुडघा मारावा लागतो, असं त्या म्हणतात. खालच्या बाजूला मारावा.

कलम ३. डिग्रजच्या हद्दीतील माझ्या वाट्याची हळदीची जमीन माझे दीर आप्पासो बिरनाळे यांना द्यावी. वाचून सगळ्यांना नवल वाटेल. आप्पासो गेली कित्येक वर्षं आमच्यातला बांध कोरत आले आहेत. पर्युषण संपलं, क्षमावाणीचा दिवस आला, की सकाळी पहिला फोन त्यांचा. “वैनी, उत्तम क्षमा. कळत नकळत काय चुकलं आसंल तर पोटात घाला.” मीही म्हणते, उत्तम क्षमा, भावजी. पुढच्या नांगरटीला बांध परत दोन बोटं माझ्याकडं सरकलेला असतो. आता सगळीच जमीन घ्या म्हणावं. कोरायला बांधच उरला नाही, की क्षमा तरी खरी मागतील. याचं मला पूर्वी हसू यायचं. आता तेही येत नाही.

कलम ४. अंगावरचे दागिने बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, द्यावेत. साड्या कोणालाही द्याव्यात.

कलम ५. आता ज्यासाठी हा कागद करते आहे ते.

माझ्या ताब्यात कृष्णा-येरळा ग्रामीण विद्यापीठातल्या माणसांच्या आठवणींच्या ध्वनिफिती आहेत. काही जुन्या कॅसेटी, बाकीचं नंतरच्या यंत्रावरचं. मी तिथं ग्रंथपाल होते. विद्यापीठाचं कागदोपत्री सगळं होतं, ठराव, अहवाल, कुलगुरूंचे फोटो. पण मेसमध्ये पहिली आमटी कुणी केली, आटपाडीकडची पोरं दुष्काळात सतरंजी घेऊन आली ती झोपली कुठं, हे कुठंच नव्हतं. ब्राह्मी एम.ए. करत होती. ती म्हणाली, आई, माणसं आहेत तोवर विचारून घेऊ. तिथून हे सुरू झालं.

पहिल्या दोन मुलाखती मी घेतल्या. त्या ऐकल्या तर कळेल की पुढच्या का घेतल्या नाहीत. मी विचारलं की माणसं खातेनिहाय चौकशीला बसल्यासारखी बोलायची. “होय मॅडम. नाही मॅडम.” ब्राह्मीचं तसं नव्हतं. ती आधी स्वतःचं काहीतरी सांगायची, मग विचारायची, आणि मग गप्प बसायची. हे गप्प बसणं मला कधी जमलं नाही. पहिल्या महिला वसतिगृहाच्या रेक्टर विजयमालाबाई शिस्तीच्या, कुणाशी हसायच्या नाहीत. त्यांनी ब्राह्मीला बसवून घेऊन नवऱ्याचं सगळं सांगितलं, आणि शेवटी स्वतःच्या हातानं शिरा करून घातला. सगळी माणसं तिनं बोलती केली. मी फक्त नावं-तारखा लिहून पेट्या लावल्या.

एकोणीसच्या पुरात पाणी जिन्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही दोघींनी आधी या पेट्या वर नेल्या. माझ्या लग्नातला शालू खालीच राहिला. ब्राह्मी म्हणाली, “आई, शालू गं!” मी म्हटलं, मरू दे शालू. तेव्हा मला असं चटकन काही वाटायचं.

कलम ६. सदर फितींच्या प्रती मी विद्यापीठाच्या सुवर्णमहोत्सवासाठी प्रा. धैर्यशील यांना विश्वासाने दिल्या होत्या. धैर्यशील माझा विद्यार्थी, आता महोत्सव समितीचा प्रमुख. मुलगा वाईट नाही. पण त्याच्या माणसांनी संगणकावर बसून सगळे प्रश्न कापले. सांगणाऱ्याचा आवाज तेवढा ठेवला. शिवाय खोकला काढला, चहाचे कप काढले, मधले थांबे काढले.

महोत्सवाच्या दिवशी सभागृहात नाथाजींचा आवाज लावला. नाथाजी मेसचे पहिले आचारी, आता ऐंशीच्या पुढचे, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले. कर्ण्यातून त्यांचा आवाज यायला लागला. “व्हय. न्हाई. तसं न्हाई. आगं येडी का खुळी तू? मी कशाला रडतुय? तूच रडायलीस.” आणि मग नुसतं हसणं. आधी काही नाही, नंतर काही नाही. पोरं हसली. मागून कोणीतरी म्हणालं, आजोबा एकटेच बडबडतायत. नाथाजींनी मान खाली घातली. चहाच्या वेळी ते मला शोधत आले.

“आवं बाई,” ते म्हणाले, “मी काय खुळ्यागत एकटाच बोललो न्हवतो. पोरगी हुती की तितं. तिनं इचारलं म्हून बोललो.”

“होय नाथाजी.”

“मग पोरगी कुटं गेली त्यातनं?”

मी हातातला कप तिथंच ठेवला आणि निघाले.

धैर्यशीलला मी केबिनमध्ये गाठला. तो म्हणाला, “मॅडम, ही सगळीकडची पद्धत आहे. मुलाखत घेणारा अदृश्य पाहिजे.”

“अदृश्य ती झालीच आहे,” मी म्हटलं. “आता ऐकूही येऊ नये म्हणतोस?”

त्याचा चेहरा पडला. खरंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याला फक्त ‘स्वच्छ’ फीत हवी होती. पुढच्या क्षमावाणीला तो घरी आला, तो जैन नाही तरी आला, पेढे घेऊन, आणि हात जोडून म्हणाला, मॅडम, उत्तम क्षमा. मी पेढा घेतला. त्याला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. राग नाही, पण राग नसणं म्हणजे क्षमा नव्हे, हे मला कळतं. दात काढताना हिरडी बधिर करतात, तशी मी गेली काही वर्षं आहे. हात लावला तर कळतं, दुखत नाही.

कलम ७. दुसरी बाजूही लिहून ठेवते, नाहीतर सगळा दोष धैर्यशीलवर जाईल.

याच फितींची एक प्रत सम्मेदने नेली होती. त्यानं नेमकं उलटं केलं. सांगणारी सगळी माणसं कापून टाकली आणि बहिणीचा आवाज तेवढा जोडून मोबाइलवर ठेवला. मला पाठवला आणि फोन करून काय केलंय ते सांगितलं. मी म्हटलं, “अरे, नाथाजी कुठं आहेत? विजयमालाबाई कुठं आहेत?”

“आई, मला फक्त ती पाहिजे,” तो म्हणाला. “बाकीची म्हातारी माणसं घेऊन मी काय करू?” आणि फोनवरच रडला. चाळिशीचा माणूस, हुंदके देऊन. मी फोन कानाला धरून उभी होते. त्याचं झाल्यावर म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, जेव.

त्याबद्दल माझी तक्रार नाही. बहीण त्याची होती. त्याने केलेली फीत त्याने जन्मभर जवळ ठेवावी. परंतु मूळ फितींवर त्याचा हक्क राहणार नाही.

कलम ८. सदर सर्व मूळ ध्वनिफिती, त्यांच्या सूचीसह, मी कृष्णा-येरळा ग्रामीण विद्यापीठाच्या ग्रंथालयास देत आहे. दुसरं कोण घेणार? माझ्या माघारी घरी ठेवल्या तर फ्लॅट रिकामा करताना भंगारात जातील. अटी पुढीलप्रमाणे.

विचारणाऱ्याचा आवाज कापू नये. खोकला, हसणे, मध्येच आलेला चहा, दारावरची कडी आणि गप्प बसणे हेही कापू नये. ज्याला ऐकायचे त्याने सबंध ऐकावे. ‘आमी-तुमी’चे ‘आम्ही-तुम्ही’ करू नये. नाथाजी ‘न्हाई’ म्हणाले असतील तर ते ‘न्हाई’च राहील. लिहून काढताना प्रश्न आधी आणि उत्तर नंतर, जसे झाले तसेच लिहावे. ज्याने सांगितले त्याचे नाव जितके मोठे, तितकेच विचारणाऱ्याचे.

यातली कोणतीही अट मोडल्यास संग्रह विद्यापीठाकडे राहणार नाही. ज्याचा आवाज, त्याच्या घरी ती फीत पोचवावी. हे काम धैर्यशीलने स्वतः करावे, शिपाई पाठवू नये. आटपाडीपासून इस्लामपूरपर्यंत प्रत्येकाच्या दारात स्वतः उभे राहावे लागेल, हे ध्यानात ठेवले की अट मोडायची इच्छा होणार नाही.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी सम्मेदला नेमते. अटी पाळल्या जातात की नाही हे त्याने वर्षातून एकदा ग्रंथालयात जाऊन, तिथे बसून, कोणतीही एक मुलाखत संपूर्ण ऐकून तपासावे. म्हातारी माणसं घेऊन काय करायचं, ते त्याला तिथं कळेल.

कलम ९. धैर्यशील मला नेहमी म्हणायचा, मॅडम, सगळ्यांच्या मुलाखती झाल्या, तुमचीच राहिली. मी दरवेळी नाही म्हटलं. घेणारी गेली, मग कुणापुढं बसू?

कलम सात लिहिताना वकील म्हणाले, त्या मोबाइलवरच्या फितीत नेमकं काय आहे, ते एकदा ऐकून खात्री करा. मी ती तोवर उघडली नव्हती. काल दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून भाकरी थापत होते, तेव्हा ओट्यावर फोन ठेवून लावली.

“बसा निवांत. गाव कुठलं तुमचं?”

पुढं काही नाही. उत्तर कापलेलं. थोडी जागा सोडून पुढचा प्रश्न. “घरी कोण कोण होतं तेव्हा?”

“चौघं,” मी म्हटलं. तोंडातून गेलं. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

मग मी गॅस बंद केला, पंखा बंद केला, आतलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणून चालू केलं आणि फीत पहिल्यापासून लावली. प्रश्न आला की फोन थांबवायचा, उत्तर द्यायचं, परत सुरू करायचा. प्रश्न नाथाजींना होते, विजयमालाबाईंना होते, कुणाकुणाला होते. उत्तरं मी माझी दिली. 

वसतिगृहाचे पत्रे वादळात उडाले त्याबद्दल तिनं विजयमालाबाईंना विचारलं होतं, “त्या दिवशी तुम्ही नेमक्या कुठं होता?” मी सांगितलं, दवाखान्याच्या फाटकाबाहेर होते, लिंबाखाली. आत कुणालाच सोडत नव्हते. दुपारी डबा परत आला, त्यावर तुझं नाव मीच लिहिलं होतं. तो घरी आणून घासला.

“रडू आलं?”

नाही, म्हटलं. तेव्हा आलं नाही, नंतरही आलं नाही. यायला पाहिजे होतं गं पोरी. सगळ्यांना आलं. मला तुझ्यासाठी रडता आलं नाही, याचंच मला वाईट वाटतं. एवढंच काय ते वाटतं.

शेवटचा प्रश्न ती सगळ्यांना एकच विचारायची. “अजून काही सांगायचं राहिलंय?”

मी फोन थांबवला नाही. फीत तिथंच संपत होती. यंत्र चालूच होतं. मी बराच वेळ गप्प बसले, आणि मग सांगायला लागले.

ते ध्वनिमुद्रण सोबतच्या पाकिटात आहे. ते वरील संग्रहात शेवटी दाखल करावे, त्यातले गप्प बसणेही कापू नये, आणि सूचीत अशी नोंद करावी. सांगणार, गुणमाला बाबगोंडा बिरनाळे. विचारणार, ब्राह्मी बाबगोंडा बिरनाळे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. बदलावे असे काही आढळले नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना पाहिले. दोघांनाही या कागदाने काही मिळणार नाही, ही बाब त्यांना समजावून सांगितली आहे.

सही
गुणमाला बाबगोंडा बिरनाळे

साक्षीदार
१. डॉ. क्रांती सावंत, विश्रामबाग, सांगली
२. लालासाहेब यशवंत घोरपडे, निवृत्त सुभेदार, तळमजला, सदर इमारत

स्थळ : सांगली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४, सोमवार